मृतजात अपत्यांची नोंद

मनुष्य जन्मला म्हणजे सरकारच्या एका वहींत त्याचें नांव पडतें, आणि तो मेला म्हणजे दुसऱ्या वहींत पडतें. या दोन नोंदींच्या मध्यें जें कांहीं घडतें त्याला आपण आयुष्य म्हणतों. पूर्वीं हें काम एकट्या चित्रगुप्ताकडे होतें; अलीकडे तें ग्रामपंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या कचेऱ्यांकडे आलें आहे. चित्रगुप्ताच्या वहीविषयीं कोणाची तक्रार ऐकूं येत नाहीं, कारण ती कोणीं पाहिलेली नाहीं. सरकारी वहीची गोष्ट निराळी. ती उघडून पाहतां येते, आणि उघडली म्हणजे तींत काय लिहिलें आहे याबरोबरच काय लिहिलेलें नाहीं हेंहि दिसूं लागतें. परवांपरवांपर्यंत दप्तरखान्यांत धूळ खात पडलेलीं कोतवाल-बुकें आज लोक आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या जातीची नोंद शोधण्यासाठीं पानन्‌पान चाळीत आहेत. एका ओळीची किंमत काय असते हें ती ओळ सांपडेनाशी झाली म्हणजे कळतें.

हा लेख लिहिण्यास निमित्त झालें तें असेंच एका ओळीचें. दोन वर्षांपूर्वीं आमचा एक जुना विद्यार्थी सकाळींच घरीं आला आणि बराच वेळ खालीं मान घालून बसल्यावर म्हणाला, "सर, एक अर्ज लिहून हवा होता." त्याच्या पत्नीला आठवा महिना चालूं असतांना मूल मृत जन्मलें होतें, मुलगी होती. रुग्णालयानें कायद्याप्रमाणें ही गोष्ट कचेरीस कळविली होती आणि नोंदहि झाली होती. त्या नोंदींत तारीख होती, मुलगी असल्याचा उल्लेख होता, आई-बापांचीं नांवें होतीं. मुलीचें नांव मात्र नव्हतें. मुलगा झाला तर कोणतें नांव ठेवावयाचें आणि मुलगी झाली तर कोणतें, हें त्या दोघांनीं कधींच ठरवून ठेवलें होतें. तें नांव त्या नोंदींत घालावें एवढीच त्यांची मागणी होती. कचेरींतील कारकून उद्धट नव्हता. त्यानें छापील नमुना पुढें ठेवला आणि म्हटलें, "साहेब, यांत नांवाचा रकानाच नाहीं, मीं कोठें लिहूं?" आम्हीं अर्ज लिहून दिला. त्याचें उत्तर आलें नाहीं, आणि त्या विद्यार्थ्यानेंहि पुन्हां तो विषय काढला नाहीं. आमच्या मनांत मात्र एक प्रश्न राहून गेला. हा नमुना पहिल्यानें कोणीं आणि कशासाठीं तयार केला? त्याला नांवाची गरज कां वाटली नाहीं? इतिहासाच्या अध्यापकाला दुसरें कांहीं करतां आलें नाहीं तरी मागें वळून पाहणें जमतें. तेवढेंच येथें करावयाचें योजिलें आहे.

आपल्या धर्मशास्त्रकारांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. पराशरस्मृतींत गर्भनाशाचे महिन्यांवरून प्रकार केलेले आहेत. चौथ्या महिन्यापर्यंत तो स्राव, पांचव्या-सहाव्या महिन्यांत पात, आणि त्यापुढें ती प्रसूति. तिचें सूतक पुरें दहा दिवसांचें. कमलाकरभट्टांचा १६१२ सालचा 'निर्णयसिंधु' आणि पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा १७९० च्या सुमाराचा 'धर्मसिंधु' हे जे ग्रंथ महाराष्ट्रांतील घराघरांत प्रमाण मानले गेले, त्यांनींहि या विषयाचा बारकाईनें विचार केला आहे. मृतजात अपत्याचें हें सूतक शास्त्रकारांनीं जननाशौचांत घातलें ही त्यांतील लक्ष्यांत घेण्याजोगी गोष्ट होय. मूल मेलेलें आलें, तरी तें आलें. म्हणून घरांत जें घडलें तो जन्मच, असा त्यांचा निर्णय. पण येथेंच त्यांचा हात थांबला. नामकरण बाराव्या दिवसाचें, तें होण्याचा संभव नाहीं. दोन वर्षांच्या आंतील मुलाला अग्नि द्यावयाचा नाहीं, पुरावयाचें. मग त्याचें श्राद्ध कोठून असणार? कुटुंबाला सूतक मिळालें, अपत्याला नांव मिळालें नाहीं.

आमच्या आजीला कोणीं "किती मुलें?" असें विचारलें तर ती अंगठ्यानें बोटांचीं पेरें मोजी. चौथ्या पेरावर तिचा अंगठा क्षणभर थांबे आणि मग पुढें जाई. तोंडानें ती "सहा" म्हणे. पेरें मात्र सात होत. लहानपणीं आम्हांला ती आजीची मोजण्यांतील चूक वाटे. ती चूक नव्हती हें समजण्यास आम्हांला फार वर्षें लागलीं. आमच्या घरांत त्या मुलाची तेवढीच काय ती नोंद होती.

युरोपांत हाच प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहिला. तेथें नांव आणि बाप्तिस्मा या दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या, आणि बाप्तिस्मा जिवंतालाच देतां येई. त्यामुळें सारा प्रश्न एका श्वासावर येऊन ठेपला. इंग्लंडांत १५३८ सालीं थॉमस क्रॉमवेल यानें प्रत्येक धर्मग्रामांत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवण्याचा हुकूम काढला. बाप्तिस्मा न झालेल्या मुलाला या तीन सदरांपैकीं पहिल्यांत जागा नव्हती, आणि पवित्र मानलेल्या दफनभूमींतहि ती बहुधा मिळत नसे. फ्रान्स, स्वित्झर्लंड इत्यादि देशांत तर मृतजात अर्भकाला घेऊन आई-बाप दूरदूरच्या विशिष्ट देवळांकडे धांव घेत. तेथें प्रार्थनेनें मुलाच्या ठिकाणीं क्षणभर तरी जिवंतपणाचें चिन्ह दिसावें, ओठाजवळ धरलेलें पीस हलावें, म्हणजे तेवढ्यांत बाप्तिस्मा उरकून घेतां येईल, अशी त्यांची आशा असे. स्वित्झर्लंडांतील ओबरब्यूरन येथील असें एक स्थान धर्मसुधारणेच्या लाटेंत बर्नच्या सरकारनें १५२८ सालीं मोडून टाकलें. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तेथें उत्खनन झालें, तेव्हां सुमारें अडीचशें अर्भकांचे सांगाडे जमिनींत सांपडले. या भाबडेपणाला कोणी हंसेल. पण मृत मूल कडेवर घेऊन डोंगर चढणाऱ्या त्या बापांना मोक्षाइतकीच दुसरीहि एक गोष्ट हवी होती असें आम्हांला वाटतें. आपलें मूल होतें, हें कोणींतरी अधिकारानें मान्य करावयास हवें होतें.

राजसत्तेनें या विषयांत लक्ष्य घातलें तें मात्र अशा करुणेनें नव्हे. तिला संशय आला होता. अविवाहित स्त्रिया आपलें मूल मारून टाकतात आणि तें मृतच जन्मलें असें सांगतात, ही शंका सोळाव्या-सतराव्या शतकांतील कायदेकर्त्यांच्या मनांत बळावली. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री यानें १५५६ सालीं फर्मान काढून गर्भारपण लपविणाऱ्या स्त्रीला, तिचें मूल मेलेलें आढळल्यास, खुनी समजावें असें ठरविलें. इंग्लंडच्या पार्लमेंटनें १६२४ सालीं त्याच धर्तीवर कायदा केला. अविवाहित स्त्रीनें आपल्या मुलाचा मृत्यु लपविला तर तें मूल मृतच जन्मलें हें निदान एका साक्षीदारानिशीं तिनें सिद्ध करावें, नाहीं तर फांशीं जावें! अन्य गुन्ह्यांत पुराव्याचा भार फिर्यादीवर. येथें तो अशा बाईवर टाकलेला, जिच्यापाशीं त्या रात्रीं दुसरें कोणी नव्हतें म्हणूनच तिच्यावर ही पाळी आली होती.

श्वासाचा प्रश्न आतां धर्मगुरूंकडून न्यायाधीशांकडे आणि त्यांच्याकडून वैद्यांकडे गेला. मुलाचें फुप्फुस काढून पाण्यांत टाकावें. तरंगलें तर त्यानें श्वास घेतला होता, बुडालें तर नव्हता, ही परीक्षा सतराव्या शतकाच्या अखेरीस न्यायालयांत शिरली. लंडनचा प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर याचा एक निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७८३ सालीं तेथील वैद्यमंडळापुढें वाचण्यांत आला. त्यांत त्यानें या परीक्षेचा भरंवसा धरतां येत नाहीं असें निक्षून सांगितलें. कुजण्यानें फुप्फुसांत वायु भरतो. शिवाय मूल पुरतें बाहेर येण्यापूर्वीं एखादा श्वास घेऊन मग मरूं शकतें. ज्या स्त्रियांना आपण राक्षसी समजतों त्यांतील अनेक केवळ लाजेनें आणि भीतीनें वेड्यापिशा झालेल्या असतात, असेंहि त्यानें आपल्या अनुभवावरून लिहिलें. १६२४ चा कायदा अखेर १८०३ सालीं रद्द झाला. त्याच्या जागीं 'जन्म लपविणें' हा सौम्य गुन्हा आला, आणि त्याची शिक्षा जास्तींत जास्त दोन वर्षें कैद अशी झाली.

हा गुन्हा पुढें समुद्र ओलांडून आपल्याकडे आला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३१८ व्या कलमांत, मूल जन्मापूर्वीं मरो, जन्मतांना मरो कीं नंतर मरो, त्याचें प्रेत गुपचूप नाहींसें करून जन्म लपविणारास दोन वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली होती. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. तींत हेंच कलम ९४ वें झालें आहे. एकोणिसाव्या शतकांतील महाराष्ट्राला या कलमांमागील दुःख चांगलें ठाऊक होतें. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें, तें अशाच स्त्रियांसाठीं. १८८१ सालीं सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फांशीची शिक्षा सुनावण्यांत आली, ती पुढें हद्दपारीची झाली. आणि त्या प्रकरणावरून उठलेल्या गदारोळाला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्री-पुरुष-तुलना' लिहिली. येथवर 'मूल मृत जन्मलें' हें वाक्य आरोपीच्या पिंजऱ्यांतून उच्चारावयाचें वाक्य होतें. जिचें मूल खरोखरच मृत जन्मलें त्या सामान्य गृहिणीकडे कोणाचेंच लक्ष्य नव्हतें.

इंग्लंड आणि वेल्समध्यें जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ रोजीं सुरू झाली. या नव्या व्यवस्थेंत मृतजात अपत्याला जागाच ठेवली नव्हती. तें जन्मलें नाहीं, कारण जिवंत नव्हतें. तें मेलें नाहीं, कारण कधीं जगलें नाहीं. तर्क निर्दोष होता; परिणाम मात्र भयंकर झाला. ज्याची नोंद नाहीं त्याच्या दफनाला दाखला लागत नसे, आणि दाखला लागत नाहीं म्हटल्यावर, कांहीं तास वा कांहीं दिवस जगलेल्या मुलाला मृतजात म्हणून पुरून टाकणें सोपें झालें. शवपेट्या पुरविणाऱ्याच्या हातावर कांहीं नाणीं ठेवलीं कीं तो तें अर्भक एखाद्या परक्या माणसाच्या पेटींत घालून परस्पर पुरण्याची व्यवस्था करी. १८७४ च्या कायद्यानें यास थोडा पायबंद घातला. जिवंत जन्मलेल्या मुलाला मृतजात म्हणून पुरणें हा गुन्हा ठरला; आणि वैद्याचा दाखला किंवा जबाबदार माणसाची लेखी ग्वाही असल्यावांचून मृतजात मूल पुरूं देणाऱ्याला दहा पौंडांपर्यंत दंड सांगितला. तरी नोंद नव्हतीच. १८९३ सालीं मृत्यूच्या दाखल्यांचा विचार करण्यासाठीं कॉमन्स सभेनें समिति नेमली, तिच्यापुढेंहि हे गैरप्रकार आले. सुधारणेला आणखी तेहतीस वर्षें लागलीं.

अखेर १९२६ सालीं कायदा झाला आणि १ जुलै १९२७ पासून इंग्लंड-वेल्समध्यें मृतजात अपत्यांची स्वतंत्र वही सुरू झाली. गर्भधारणेच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर बाहेर आलेलें, आणि पूर्णपणें बाहेर आल्यावर ज्यानें श्वास घेतला नाहीं वा जिवंतपणाचें दुसरें कोणतेंहि चिन्ह दाखविलें नाहीं, तें मृतजात, अशी व्याख्या ठरली. स्कॉटलंडनें १९३८ च्या कायद्यानें हीच वाट धरली.

वही सुरू झाली आणि तिचा एक अनपेक्षित गुण प्रकट झाला. संशयासाठीं उघडलेल्या वहीनें मोजण्यास आरंभ केला. १९२८ सालीं दर हजार जन्मांमागें सुमारें चाळीस मुलें मृत जन्मत होतीं, हें त्या देशाला पहिल्यांदाच आंकड्यांत दिसलें. पुढें दुसरें महायुद्ध आलें. अन्नाचें रेशनिंग, रात्रीं बॉम्बहल्ले, घरांतले पुरुष आघाडीवर. अशा काळांत हें प्रमाण वाढेल अशी कोणाचीहि अटकळ असती. तें उलट उतरलें. १९३९ सालीं हजारीं अडतीसच्या आसपास होतें, तें १९४५ पर्यंत अठ्ठाविसाच्या आसपास आलें. १९४० पासून गर्भार स्त्रियांना स्वस्त किंवा फुकट दूध देण्याची योजना चालूं झाली होती, आणि रेशनिंगमध्यें त्यांचा वांटा आधीं काढून ठेविला जात होता. या घटीचें मोठें श्रेय त्या दुधाला आणि अन्नाला आहे असें पुढील अभ्यासकांनीं म्हटलें. जी गोष्ट दैवाची म्हणून बाया डोळे पुसून गप्प बसत होत्या ती बऱ्याच अंशीं पोटाची होती, हें त्या वहीवांचून कोणाला समजलें असतें? आज तेथें हें प्रमाण हजारीं चाराच्या आसपास आहे. आणि हें, १९९२ सालीं मर्यादा अठ्ठावीस आठवड्यांवरून चोवीसावर आणून वही अधिक व्यापक केल्यानंतरचें.

पण मोजणाऱ्या वहीलाहि नांवाची गरज नसते; आंकड्याला काय नांव? युरोप-अमेरिकेंतील मोठ्या रुग्णालयांत विसाव्या शतकाच्या मध्याला अशी रीत पडली होती कीं मृत मूल आईला दाखवावयाचें नाहीं, लगेच दूर न्यावयाचें, आणि पुरण्याची व्यवस्था रुग्णालयानेंच परस्पर करावयाची. "पाहिलें नाहीं म्हणजे विसरणें सोपें जातें," असें त्यामागील तत्त्वज्ञान. तें दुष्टपणाचें नव्हते. पण तें आयांना विचारून ठरविलेलें नव्हतें. १९७६ सालीं बेल मूनी या लेखिकेनें आपलें मूल मृत जन्मल्याची हकीकत इंग्लंडांतील 'गार्डियन' पत्रांत उघडपणें लिहिली, तेव्हां आजवर गप्प बसलेल्या कित्येक स्त्रियांना तीं आपलींच अक्षरें वाटलीं. त्यानंतर दोन वर्षांनीं अशा आई-बापांची संस्था तेथें स्थापन झाली. १९८३ पासून इंग्लंड-वेल्सच्या वहींत मृतजात अपत्याचें नांव लिहितां येऊं लागलें. म्हणजे वही उघडल्यापासून नांवाचा रकाना येईपर्यंत छप्पन्न वर्षें गेलीं! आयर्लंडनें १९९४ सालीं कायदा करून १९९५ पासून नोंद सुरू केली. चोवीस आठवड्यांच्याहि आधीं मूल गमावलेल्यांसाठीं इंग्लंडच्या सरकारनें फेब्रुवारी २०२४ पासून ऐच्छिक दाखला देण्यास आरंभ केला. त्याला कायद्याचें बळ नाहीं, तरी लोक तो मागतात.

फ्रान्सचा मार्ग याहून निराळा आणि, आमच्या मतें, विचार करण्याजोगा आहे. नेपोलियनच्या राजवटींत ४ जुलै १८०६ रोजीं एक हुकूम निघाला. मृत मूल नोंदणी-अधिकाऱ्यापुढें आणलें तर त्यानें तें जन्मतः जिवंत होतें कीं नव्हतें याचा निवाडा करूं नये. निर्जीव मूल आपल्यापुढें आणलें गेलें एवढेंच लिहावें. शतकानुशतकें ज्या श्वासानें आई-बापांना डोंगर चढावयास लाविलें आणि बायकांना फांशीं दिलें, त्याबद्दल या कारकुनानें बोलूंच नये असा हा हुकूम! १९९३ सालीं ही 'निर्जीव अपत्याची नोंद' दिवाणी संहितेंत आली. किती आठवड्यांनंतर ती करावयाची याविषयीं सरकारी परिपत्रकानें मर्यादा घातली होती. पण कायद्यांत अशी कोणतीहि मर्यादा नाहीं असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयानें ६ फेब्रुवारी २००८ रोजीं दिला. आणि ६ डिसेंबर २०२१ च्या कायद्यानें अशा अपत्याचें नांव व आडनांव त्या नोंदींत घालण्याची मोकळीक मिळाली. मात्र या नोंदीनें वारसाहक्कासारखा कोणताहि कायदेशीर परिणाम होणार नाहीं, हेंहि त्याच कायद्यांत लिहून ठेविलें आहे. जर्मनींत २०१३ पासून पांचशें ग्रॅमहून कमी वजनाच्या मृतजात अपत्याचीहि कागदोपत्रीं दखल घेतली जाते, तीहि आई-बापांची इच्छा असेल तरच.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपल्याकडे १८८६ सालचा नोंदणीचा कायदा होता, तो ऐच्छिक होता. सर्व देशाला सक्तीचा असा कायदा १९६९ सालीं झाला. त्याच्या दुसऱ्या कलमांत 'जन्म' म्हणजे जिवंत जन्म किंवा मृत जन्म, असें स्पष्ट म्हटलें आहे. नियमांनीं त्यासाठीं अठ्ठावीस आठवड्यांची मर्यादा घातली आहे. एकवीस दिवसांत खबर द्यावयाची. रुग्णालयांत प्रसूति झाली असेल तर तेथील प्रमुखानें, घरीं झाली असेल तर घरांतील कर्त्या माणसानें. जन्माचा पहिला नमुना, मृत्यूचा दुसरा, मृतजन्माचा तिसरा. त्याच कलमांत 'मृत्यु' या शब्दाचीहि व्याख्या आहे : जिवंत जन्म झाल्यानंतर जीवनाचीं सर्व चिन्हें कायमचीं नाहींशीं होणें. दोन्ही व्याख्या शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे असें दिसतें कीं, आपल्या कायद्याप्रमाणें मृतजात मूल जन्मतें, पण मरत मात्र नाहीं. 'निर्णयसिंधु'काराला ही व्यवस्था मुळींच चमत्कारिक वाटली नसती! त्यानेंहि त्याचें सूतक जननाचेंच धरलें होतें. १९६१ च्या प्रसूति-लाभ कायद्यानेंहि 'मूल' या शब्दांत मृतजात मुलाचा समावेश केला होता आणि गर्भपाताची सीमा सव्विसाव्या आठवड्यापर्यंत धरली होती. म्हणजे आठ वर्षांच्या अंतरानें झालेल्या दोन कायद्यांत दोन रेषा. स्मृतिकारांची रेषा सहा महिन्यांवर, एका कायद्याची सव्वीस आठवड्यांवर, दुसऱ्याची अठ्ठाविसांवर; इंग्लंडची आतां चोवीसांवर. रेषा कोठेंतरी ओढावी लागतेच; पण ती निसर्गानें ओढलेली नसून आपण ओढली आहे हें विसरतां कामा नये.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणें २०१९ सालीं भारतांत सुमारें तीन लक्ष चाळीस हजार मुलें मृत जन्मलीं. जगांतील कोणत्याहि एका देशाचा हा सर्वांत मोठा आंकडा होय. त्यांतील अनेक मृत्यु, वेळेवर तपासणी आणि बाळंतपणांत योग्य मदत मिळाल्यास टळण्याजोगे असतात. म्हणून मोजणारी वही आपल्याला हवीच आहे, आणि ती आजच्याहून अधिक काटेकोरपणें भरली गेली पाहिजे. आमच्या विद्यार्थ्याच्या हातांत आलेला नमुना या दृष्टीनें निर्दोष आहे. त्यांत आईचें वय, शिक्षण, प्रसूतीच्या वेळीं कोण होतें, गर्भ किती आठवड्यांचा होता, मृत्यूचें कारण काय, हें सर्व विचारलेलें आहे. तो नमुना मोजण्यासाठीं तयार झाला आणि मोजतो. त्यानें नांव विचारलें नाहीं, कारण नांव हें मोजण्याच्या कामाचें नव्हतें.

येथें वाचकांपैकीं कोणी म्हणतील कीं, जखमेवरील खपली काढून काय मिळणार? आपल्या बायका आजवर विसरल्या, संसाराला लागल्या, तेंच बरें होतें. आम्हांलाहि पूर्वीं असेंच वाटे. पण विसरणें आणि न बोलणें या दोन गोष्टी एक नव्हेत हें आम्हांला आजीच्या अंगठ्यानें शिकविलें. दुसरे कोणी म्हणतील कीं, असें नांव देऊं लागल्यास गर्भालाहि व्यक्तीचे हक्क द्या अशी मागणी येईल आणि तीमुळें स्त्रियांच्याच स्वातंत्र्यावर गदा येईल. ही भीति पोकळ नाहीं. परदेशांत हे वाद झालेले आहेत. त्यावर फ्रान्सनें काढलेली तोड आम्हांला शहाणपणाची वाटते. नांव लिहावयाचें तें आई-बापांनीं मागितलें तरच लिहावें; त्यानें कोणताहि हक्क उत्पन्न होत नाहीं असें स्वच्छ म्हणावें; आणि मूल जिवंत होतें कीं नव्हतें याचा काथ्याकूट कारकुनाच्या टेबलावर करूं नये.

या साऱ्या इतिहासांत एक क्रम दिसतो. पहिल्यानें राजसत्तेनें मृतजात अपत्याकडे पाहिलें तें गुन्ह्याचा पुरावा म्हणून. मग वैद्यांनीं आणि आंकडेशास्त्रज्ञांनीं पाहिलें तें एक संख्या म्हणून. त्या दृष्टीनें लाखों मुलें वांचविलीं, म्हणून तिचे उपकार मानलेच पाहिजेत. आणि सर्वांच्या मागून, तेंहि आपण होऊन नव्हे तर आई-बापांनीं दार ठोठावल्यावर, सरकारनें त्याकडे कोणाचें तरी मूल म्हणून पाहिलें. आपला १९६९ चा कायदा दुसऱ्या पायरीवर उभा आहे. २०२३ सालीं त्यांत मोठ्या दुरुस्त्या झाल्या, नोंदी संगणकावर एकत्र करण्याची तरतूद झाली. तिसऱ्या नमुन्यांत एक ऐच्छिक रकाना घालणें हें त्याहून कितीतरी लहान काम आहे. त्याला खर्च नाहीं, मनुष्यबळ नको, नवें तत्त्वज्ञानहि नको. कारण 'जन्म' या शब्दांत त्या मुलाला कायद्यानें आधींच घेतलेलें आहे. ज्याला जन्मलेलें म्हणावयाचें त्याला नांवानें हांक मारूं देण्यास हरकत कसली?

आमच्या विद्यार्थ्याला आतां दुसरें मूल आहे. 'दुसरें' हा शब्द त्याचाच. परवां भेटला तेव्हां कोणीं तरी सहज विचारलें, "पहिलंच का?" तो क्षणभर थांबला, आणि म्हणाला, "नाहीं, दुसरं."